आकडे टाका, पण मुलांना सांगून

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधूनच एक मेसेज येतो. 'राउटरमध्ये हे आकडे टाका, नेट पळायला लागेल.' खाली चार आठ, ८.८.८.८. थोड्या दिवसांनी दुसरा मेसेज. 'राउटरमध्ये हे आकडे टाका, घाणेरड्या साइट बंद होतील.' खाली वेगळेच आकडे. आपण दोन्हींना अंगठा देतो, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि विषय संपतो. फार तर नेटवाल्या मुलाला फोन करतो, "अरे, ते काय असतं ते करून दे ना." तो "करतो ताई" म्हणतो. पुढे काही होत नाही.

मला या दोन मेसेजविषयीच तुमच्याशी बोलायचंय. दोन्ही आकडे राउटरमध्ये एकाच जागी टाकायचे असतात. एक टाकला की दुसऱ्याचा उपयोग गेला. आणि त्यातला पहिला, आपण मोठ्या हौसेने टाकतो तो, मुलांच्या बाबतीत आपल्याला हवं असतं त्याच्या नेमकं उलटं करू शकतो.

आपल्या जुन्नर-आंबेगावात घरातल्या वायफायवर जरा जास्तच भार आहे. बिबट्यामुळे दिवस मावळला की मूल उंबऱ्याच्या आत हवं. शेजारी ऊस उभा असला तर विचारायलाच नको. मळ्यात राहणाऱ्यांना तर शेजारच्या वस्तीवरही पोराला एकटं धाडता येत नाही. शहरातले पाहुणे सल्ला देतात, "मुलांना बाहेर खेळायला सोडा हो, मोबाइल आपोआप सुटेल." सोडा म्हणजे कुठं सोडा? माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पिंजरे लागतात, बिबटे पकडले जातात, तरी आपल्या बांधावरची भीती काही कमी होत नाही.

मग दिवेलागणीपासून जेवणापर्यंत मूल घरात, आपण कामात. आई स्वयंपाकघरात, वडील मोटारीची लाइट कधी येते ते बघतायत, नाहीतर नारायणगावला टोमॅटोचा काय भाव निघाला ते फोनवर विचारतायत. मूल फोन घेऊन गप्प बसलंय हेच त्या वेळी मोठं सुख वाटतं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटतं. ते काय बघतंय हा प्रश्न मनात येतो, पण हात पिठाचे असतात.

तर हे आकडे म्हणजे काय, ते आधी सांगते. मला समजलं तसं सांगते.

आळेफाट्यावर एसटीतून उतरलेला पाहुणा काय करतो? टपरीवर विचारतो, "अमक्यांचा मळा कुठं?" टपरीवाला सांगतो, "सरळ जा, दुसऱ्या चारीला डावीकडं वळा." पाहुण्याला नाव माहीत असतं, वाट माहीत नसते. आपल्या फोनचंही तसंच. आपण यूट्यूबचं नाव घेतो, पण फोनला तिथे पोचायला आकड्यांचा पत्ता लागतो आणि तो कुणाला तरी विचारावा लागतो. ज्याला विचारायचं तो डीएनएस सर्व्हर. इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांची नावं-पत्ते एकाच यादीत मावत. ती यादी अमेरिकेतल्या एका संस्थेत ठेवलेली असे. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही विचारत जायची पद्धत मांडली. आज आपल्या पडवीतला फोन तीच पद्धत वापरतो.

राउटरमध्ये काहीच बदललं नाही, तर फोन आपल्या नेट कंपनीच्याच टपरीवर विचारतो. ८.८.८.८ ही गुगलची टपरी, २००९ पासूनची. चोख आहे. पण ती कुणालाही कुठलीही वाट सांगते. विचारणारा दहा वर्षांचा आहे की पन्नास, हे तिला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं.

आता गंमत बघा. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार खात्याने नेट कंपन्यांना ८२७ अश्लील साइट बंद करायला सांगितल्या. काही कंपन्या हा बंदोबस्त टपरीवरच करतात, म्हणजे नाव विचारलं की "ठाऊक नाही". अशा कंपनीचं नेट असलेल्या घरात आपण चार आठ टाकले, तर जो थोडाफार अडसर होता तो आपल्याच हाताने काढला. तेही कशासाठी, तर नेट पळावं म्हणून. आणि टपरी बदलून नेट फारसं पळतही नाही. वाट विचारायला क्षणभर लागतो, तो क्षण थोडा कमी होतो इतकंच. मॅच अडखळत असेल तर दोष बहुधा लाइनचा असतो, किंवा राउटर आणि फोन यांच्यामधल्या जाड भिंतीचा.

मुलांसाठी वेगळ्या टपऱ्या आहेत, फुकट आहेत. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये घरांसाठी दोन सुरू केल्या. १.१.१.२ ही फसव्या आणि व्हायरसवाल्या साइटची वाट सांगत नाही. १.१.१.३ ही त्यासोबत अश्लील साइटचीही सांगत नाही. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड त्याहून जुनी, तिचे आकडे २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. क्वाड-नाइनची ९.९.९.९ फक्त फसव्या साइट अडवते, बाकी मोकळं. लहान मूल घरात असेल तर मी १.१.१.३ सुचवेन. जोडीला दुसरा आकडा मागतात तिथे १.०.०.३. एक तर लक्षात राहतो, आणि फोनवरून माहेरी बहिणीलाही सांगता येतो.

दुसऱ्या रकान्यात मात्र चुकूनही चार आठ ठेवू नका. काही जण 'एक कडक, एक सैल' असं करतात. फोन मग कधी इकडे विचारतो, कधी तिकडे, आणि मुलाला कळतं की दोनदा प्रयत्न केला की उघडतं.

कृती अवघड नाही. राउटरच्या तळाशी स्टिकर असतो, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि पासवर्ड असतो. वायफाय जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकायचा. आत 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' नावाच्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएसचे रकाने सापडतात. भरा, सेव्ह करा, राउटर बंद-चालू करा. तेवढ्यात पासवर्डही बदला. तो 'ॲडमिन'च असेल तर आपल्या मुलाला तो आपल्याआधी माहीत असतो. काही जोडण्यांत आयपीव्ही-सिक्स नावाची लांबलचक पत्त्यांची दुसरी पद्धतही चालू असते. तिचा डीएनएस जुनाच राहिला तर फोन त्या बाजूने विचारून येतो. इथे मात्र नेटवाल्या मुलालाच बसवून करून घ्यावं. काही कंपन्या हे पान कुलूपबंदच ठेवतात, तेव्हाही तोच.

झालं की नाही हे बघायला खरीखुरी घाण उघडून बघायची गरज नाही, घाबरू नका. क्लाउडफ्लेअरने त्यासाठी कोरं नाव ठेवलंय, 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम'. इंग्रजीत टाका. उघडलं नाही, तर आकडे लागले.

इथपर्यंतचं काम नेटवालाही करेल. पुढचं आपल्यालाच करायचंय.

आपण सगळे काय करतो, तर हे मूल शाळेत गेल्यावर करतो, गुपचूप. आपलीही बाजू असते. विषयच असा की तोंडातून शब्द फुटत नाही. आपल्या आईवडिलांनी आपल्याशी हे कधी बोललेलं नसतं. वाटतं, सांगितलं तर नसलेलं डोक्यात भरेल. त्यापेक्षा यंत्र परस्पर बघून घेईल, बोलायची वेळच येणार नाही.

पण बघा, १.१.१.३ लावल्यावर अडवलेल्या साइटच्या जागी कुठलीही पाटी येत नाही. पान नुसतं उघडत नाही. मुलाला वाटतं नेट गेलं. ते राउटर बंद-चालू करतं, मित्राला विचारतं. मित्र सांगतो, "तुझ्या घरच्यांनी काहीतरी लावलंय." म्हणजे आपण काय केलं हे मुलाला कळतंच, फक्त आपल्याकडून कळत नाही. बारा-तेराच्या वयात हे फार लागतं. त्या वयात मुलांना कडक नियम चालतो, कुरकुरत का होईना. पाठीमागून केलेली गोष्ट मात्र ती विसरत नाहीत.

आणि बहुतेक मुलं या साइट शोधत गेलेली नसतात. फुकट मॅच बघायला, गेमचं कुठलंसं 'मॉड' उतरवायला किंवा नवा सिनेमा डाउनलोड करायला जातात आणि जाहिरातीतून धाडकन काहीतरी समोर येतं. नऊ-दहा वर्षांचं मूल ते बघून घाबरतं. कधी किळस येते, कधी पुन्हा बघावंसं वाटतं आणि मग त्या वाटण्याचीच लाज वाटते. ते फोन उलटा ठेवतं, जेवायला येतं आणि काही बोलत नाही. का? कारण बोललं तर फोन जाईल, हे त्याला पक्कं माहीत असतं. आपणच दहा वेळा म्हटलेलं असतं, "काही वावगं दिसलं ना, तर फोन काढून घेईन."

म्हणून राउटरचे आकडे बदलताना मुलाला शेजारी बसवावं, असं माझं मत आहे. लहान असेल तर आकडे त्यालाच टाकू द्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, आपण मुलांना खोडदला जीएमआरटी बघायला नेतो. ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस अँटेना बघून मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडतात. घरातल्या कोपऱ्यातलं हे धूळ खाणारं डबडंही रेडिओ लहरींवरच चालतं, पण ते उघडून दाखवायचं आपल्याला सुचत नाही. नाव विचारलं की आकडा मिळतो, ही गोष्ट चौथीतल्या मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळते. आळेफाट्याची टपरी त्याला सांगून बघा.

आणि मग दोनच वाक्यं बोला. भाषण नको. "नेटवर काही गोष्टी मोठ्यांच्या असतात, काही तर मोठ्यांनीही बघू नयेत अशा असतात, त्यातल्या बऱ्याच इथे अडतील. तरी कधी काही समोर आलं, तर तुझी चूक नाही, मला सांग, फोन काढून घेणार नाही." शेवटचे चार शब्द नंतर पाळायचे आहेत. अवघड आहे. मूल खरंच येऊन सांगतं तेव्हा आपला पहिला हात फोनकडेच जातो.

तुमच्यातले काही म्हणतील, नुसतं अडवणारे आकडे कशाला, मुलाने काय काय विचारलं याची यादी दाखवणारं खातंही मिळतं, तेच उघडू. मिळतं. मला विचाराल तर थोरल्या मुलांच्या बाबतीत त्या वाटेला जाऊ नका. एक तर ती यादी फसवी असते. पान उघडलं की त्यातल्या जाहिराती परस्पर पाच-पन्नास नावं विचारून येतात, मोबाइलमधली ॲपं रात्री आपण झोपल्यावरही विचारत असतात. यादीत नाव दिसलं म्हणजे मुलाने ते बघितलं असं होत नाही. पण आपल्याला कुठलं तेवढं कळायला? आपण यादी हातात घेऊन जाब विचारणार, मूल खरं तेच सांगणार आणि आपण विश्वास ठेवणार नाही.

शिवाय काही नावं त्याची त्यालाच राहू द्यावीत. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. आपल्या शरीराचं काय चाललंय हे मुलांना कळायला हवं असतं, धडा शिकवताना वर्गात खसखस पिकते, प्रश्न मनातच राहतो आणि घरी येऊन नेटवर टाकला जातो. पाळी, दाढी-मिशी, स्वप्नं, पिंपल्स. यात चोरी कसली? उलट फिल्टर कधीकधी अशीच एखादी चांगली आरोग्याची साइट चुकून अडवतो. तेव्हा "आई, हे उघडत नाहीये" असं म्हणायला मुलीला संकोच वाटू नये, एवढं मोकळं वातावरण घरात हवं. नाहीतर ती मैत्रिणीकडे विचारणार, आणि मैत्रिणीलाही तेवढंच माहीत.

आता या आकड्यांना काय जमत नाही तेही सांगून टाकते, नाहीतर उद्या माझ्या नावाने बोटं मोडाल. टपरीवाला वाट सांगतो मळ्याच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या आत काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? यूट्यूबवरचा एक व्हिडिओ बंद आणि दुसरा चालू, हे त्याच्या हातात नाही. इन्स्टाच्या रील, व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप, गेममधल्या अनोळखी माणसाशी चॅट, यातलं काही अडत नाही. रमी आणि पैज लावायच्या साइटही १.१.१.३ अडवत नाही. व्हीपीएन नावाचं ॲप टाकलं की टपरी वगळून जाता येतं, आणि ते टाकायला आठवीतल्या मुलाला जितका वेळ लागतो तितका आपल्याला कांदा चिरायला लागतो.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे वायफाय बंद करून सिमचं नेट चालू करणं. राउटरचा संबंधच संपला. भीमाशंकरकडच्या, नाणेघाटाच्या बाजूच्या कित्येक घरांत तर राउटर नाहीच, जे काही आहे ते सिमवर. त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये, २०१८ नंतरच्या बहुतेक फोनमध्ये, 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. सेटिंगमध्ये शोधा आणि तिथे इंग्रजीत 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' लिहा. मग फोन वायफायवर असो की सिमवर, त्याच टपरीवर विचारतो. मुलाच्या हातात आपलाच जुना फोन असतो, तेव्हा हे राउटरपेक्षाही आधी करावं.

एक फायदा मात्र मोठ्यांचाही आहे. 'पीएम किसानचा हप्ता अडकलाय, इथे दाबा' असल्या लिंकांवर आजोबा बिनदिक्कत बोट ठेवतात. त्यातल्या माहीत झालेल्या फसव्या साइट या टपऱ्या अडवतात. सगळ्या नाही. व्हॉट्सॲपवर थेट आलेली फाइल उघडली तर टपरीवाला काय करणार? पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन लावायचा, हा आकडा राउटरच्या आकड्यांशेजारीच भिंतीवर लिहून ठेवा. आणि टपरीवाल्याला आपण कुठे कुठे जातो ते कळत असतं, हेही खरं. नोंदी फार काळ ठेवत नाही असं क्लाउडफ्लेअर सांगते. आधीच्या कंपनीलाही ते कळतच होतं म्हणा.

राउटरचा नियम घरातल्या सगळ्यांना लागतो, ही गोष्ट काही घरांत जरा अडचणीची ठरते. मोठी माणसं विषय बदलतात. मला ती जमेची बाजू वाटते. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ मध्ये तिथे ठरलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं. तिथे एकही आकडा बदलावा लागला नाही. मला त्यात आवडलं ते हे की आईची मालिकाही बंद झाली. 'तू ठेव, मी जरा बघते' हे तिथे चालत नव्हतं. आपल्याकडे गावभर भोंगा वाजेल तेव्हा वाजो, पण मुलाने "तुमच्या फोनलाही हे लागू आहे का?" असं विचारलं तर उत्तर 'हो' असायला हवं. ते विचारतंच. माझ्या धाकट्याने आकडे टाकता टाकताच विचारलं होतं, आणि त्याच्या वडिलांचा फोन मागून तपासूनही पाहिला.

किती वर्षं हे ठेवायचं, असंही पालक विचारतात. सरसकट उत्तर नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी हे असावंच. दहावीनंतर मूल पुण्याला होस्टेलवर जातं, तिथे आपला राउटर सोबत जात नाही. त्याआधीची एक-दोन वर्षं त्याच्याशी बोलून हळूहळू सैल करावं असं मला वाटतं. त्याच्या फोनचं सेटिंग त्याचं त्याला ठरवू द्यावं, घरातल्या धाकट्यांसाठी राउटरचं राहू द्यावं. माझी थोरली तर आता मलाच सांगते की ९.९.९.९ पुरेल, बाकी ती बघून घेईल. आमचा वाद चालू आहे.

बाकी एक लक्षात ठेवा. लाइट गेली-आली तरी आकडे राहतात. पण राउटरच्या मागचं बारीक भोक टाचणीने दाबलं, किंवा कंपनीचा माणूस डबडं बदलून गेला, की सगळं पहिल्यासारखं होतं. महिन्याकाठी ते टेस्टचं नाव टाकून बघत जा. आकडे उडालेले दिसले, तर मुलाला हाक मारा आणि त्यालाच पुन्हा टाकायला सांगा. त्याला पाठ झालेले असतात.